भिवातात्यांच्या पखवाजाची कणीक

ऐका हो मंडळी, कान इकडे द्या! मला एक सांगा – घरात रुसवा झाला, बोलणं तुटलं, तर आधी कुणी बोलायचं? मोठ्यानं की धाकट्यानं? बघा, बायका नवऱ्यांकडे बघतायत नि नवरे छताकडे! राहू दे. आपण भिवातात्यांना विचारू.

भिवातात्या परुळेकर म्हणजे पखवाजी! करंगळी वाकडी, पण थाप अशी की देवळाची कौलं हलावी. हट्टही तसाच! लेक उजू भिंती रंगवायला समुद्रकाठच्या गावी गेली, तेव्हा कडाडले, "माफी मागायला येशील, तेव्हाच तुझ्याशी बोलेन!" ती येईना, हे बोलावीनात. झालं!

आणि योग बघा – त्याच गावच्या विठ्ठलमंदिरात कीर्तन ठरलं! गाव गोव्याकडचं. नाव सांगत नाही, उद्या अर्धी सभा तिकडे सापडायची! तिथल्या देवळात पोचून तात्यांनी पखवाज काढला, पिशवी चाचपली – कणीक? कणीक नाही! अहो, डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या चामड्याला, ताजी कणीक थापल्याशिवाय पखवाज घुमत नाही. पूर्वी ती मळून, ओल्या फडक्यात बांधून पिशवीत कोण ठेवायचं? उजू! ती गेल्यापासून तात्या देवळाच्या रसोड्यात मागून घेत. पण आज एकादशी! रसोड्यात नुसती भगर नि दाण्याची आमटी. थापा भगर!

निघाले बाजारात. पहिल्या दुकानात पिसं लावलेली कडी टांगलेली. "हे काय हो?" "स्वप्नं धरायचं जाळं, बाबा." "बरं! नि कणीक?" पुढे फाटकी विजार. तात्या कळवळले, "शिवून तरी द्या कुणी!" दुकानदार म्हणतो, "फाटकी म्हणूनच महाग!" तात्यांना आपल्या जुन्या धोतराचा असा काही अभिमान वाटला! तिसरा म्हणाला, "हा दगड छातीशी धरा, राग जातो." तात्यांनी धरला, किंमत ऐकली – आणि भलताच राग आला! तेवढ्यात एका जटावाल्या गोऱ्यानं पायच धरले. तात्यांनी सवयीनं आशीर्वाद दिला, "पुत्रवान भव!" खरं सांगू? म्हातारा खुशीत आला होता! कपाळी बुक्का, गळ्यात तुळस – त्या गावात तेच सगळ्यांत शोभत होते.

आणि आला वास! भिजलेल्या पिठाचा! वळून बघतात तो – बार! दारूचा! एकादशीला! पाय उंबऱ्यावर थबकले. आत मालकीण फ्लाविया बाय पिझ्झ्याचं पीठ मळत होती. "किदें जाय, तात्या?"

"मूठभर कणीक, बाई. पखवाजाला."

तिनं पानात बांधून दिली. तात्या वळले नि समोरची भिंत दिसली. भिंतभर चित्र! पखवाजावर दोन हात. उजव्या हाताची करंगळी – वाकडी!

"हे कुणी काढलं?"

"आमच्या उजून. म्हणता, म्हज्या बाबांचे हात. मागल्या गल्लीत आसा ती. आपयू?" बोलावू का, म्हणते!

तात्यांना लेकीला बघावंसं वाटलं हो, फार वाटलं! पण जीभ काय म्हणाली? "नको, कीर्तनाला उशीर होतोय!" आणि पळाले!

कीर्तन उभं राहिलं. पहिली थाप – धा! वा! पण गर्दीची ऊब, समयांची धग, आणि कणकेत – खमीर! ती लागली फुगायला! बुवा म्हणतात "विठ्ठल!" पखवाज म्हणतो "भुस्स!" पोरं खिदळली. तात्या एकीकडून दाबतात, ती दुसरीकडून वर येते! पुडीवर टम्म भोपळा! घामानं डबडबून त्यांनी मान वर केली, तर खांबाआड उजू. बोटं रंगानं माखलेली, हातात ओल्या फडक्याची पुरचुंडी. फ्लावियानं सांगितलं होतं ना तिला! पण पुढे येते का? छे! बाबा बोलावतील तर येईन! लेक कुणाची?

तात्यांनी एकदा भोपळ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. आणि भर सभेत हाक मारली, "उजू... कणीक दे गं!"

आली की धावत! "बाबा, आधी ते खरवडा! पावाचं पीठ आहे ते!" बापलेक खरवडतायत, हसतायत, रडतायत. आणि मग जी थाप पडली म्हणता!

तर आधी कुणी बोलायचं? ज्याच्या पुडीवर भोपळा, त्यानं!

काय वामनराव, हसताय? भावाशी बोलत नाही म्हणे. तो बघा, तिकडे खांबाला टेकून बसलाय. मारा हाक. मारा! तुमची हाक ऐकल्याशिवाय मी आरती लावत नाही – आणि मंडळी, आरतीशिवाय शिरा नाही!