अर्धी गाडी दुसरीकडे

परदेशातल्या त्या रात्रगाडीत खालच्या बर्थवरून आपली भाषा कानावर पडली, तशी वर आडवी झालेली परिचारिका कान टवकारून ऐकू लागली. खाली एक वयस्क जोडपं होतं.

“अहो, पुढच्या जंक्शनला अर्धी गाडी सुटी होऊन दुसऱ्याच देशात जाते म्हणे. आपला डबा कुठल्या अर्ध्यातला?”

“टीसीला विचारून येतो.”

“आणि तुम्ही तिकडे असतानाच सुटी झाली तर?”

“मग तूही चल.”

“आणि बॅगा?”

“बॅगांसकट चल!”

“या गुडघ्यांनी? काही नको. बसा गप.”

“हा बसलो.”

“अहो...”

“आता काय?”

“लेकानं हौसेनं सुट्टीला बोलावलं खरं, पण सकाळपासून फोन उचलत नाहीये. स्टेशनवर आलाच नाही तर?”

मग पायांनी चपला चाचपल्याचा आवाज आला.

“टीसीला विचारूनच येतो, डबा कुठे जातो ते.”