बाहेरून कडी

कडी बाहेरून? — ऐकलं मी, ताई, बरोबरच ऐकलं, पण एकदा विचारून घ्यावं लागतं. माणसं आतून लावायला मागतात ना कडी. बाहेरून मागणारं या महिन्यातलं तुमचं तिसरं घर. आधीच्या दोघांना मशीन बिघडलंय म्हणून टाळलं. तुमच्यासमोर नाही जमलं — डोळे सुजलेत तुमचे. मिस्टर ना आत? लाजताय कशाला, घरोघरी मातीच्या चुली. कालपासून दारूचा थेंबही दिला नाही? बरं केलंत — म्हणजे — थांबा, हा स्क्रू बसू दे.

ओळखीतलं एक घर सांगतो. दोघे भाऊ, धंदा कुलपांचाच. धाकट्याचा हात असा, की कुलपात नुसतं डोकावून हरवलेल्या किल्लीच्या जागी नवी घासून द्यायचा. मग लागली दारू. आधी सुट्टीला, मग रोज, मग उठल्या उठल्या — का? तर प्यायल्याशिवाय हात थरथरायचे, कानस धरवायची नाही. गिऱ्हाइकं परत यायला लागली, किल्ली फिरत नाही म्हणून. आई रडून रडून अर्धी झाली. थोरला म्हणाला, चार दिवस कोंडतो, सुटेल आपोआप. पण कोंडणार कसा? जगातलं कुठलंही कुलूप उघडणारा हा गडी! तेव्हा थोरल्यानं अक्कल पाजळली — जाड लोखंडी अडसर, बाहेरून, आतल्या बाजूला किल्लीचं भोकच नाही. जन्मात तितकं सफाईदार काम केलं नव्हतं त्यानं. पहिल्या दिवशी शिव्या. दुसऱ्या दिवशी ओकला, घामानं चिंब झाला. तिसऱ्या दिवशी म्हणतो, दादा, भिंतीवर मुंग्या चढताहेत रे, मला बाहेर घे. मी म्हटलं, नाटकं बंद कर —

हो. मीच. थोरला म्हणजे मीच, ताई. गेलं तोंडातून.

मग दारावर धाडधाड. मी बाहेर स्टुलावर चहा पीत बसलेलो. म्हटलं, मार लाथा, माझ्या हातचं काम आहे, तुटायचं नाही. लाथा नव्हत्या हो त्या. झटके आले होते त्याला, टाचा आपटत होत्या दारावर. मग शांत झाला. आई म्हणाली, झोपलं वाटतं लेकरू. आणि आम्ही — कसं सांगू तुम्हाला — आम्ही खूश झालो. तासभर कुजबुजत बोललो, त्याची झोप मोडू नये म्हणून.

डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, इतकं पिणाऱ्याची दारू घरात अशी एकदम तोडायची नसते, जीव जातो. आमच्याकडे आणलं असतंत तर औषधं देऊन सोडवली असती. मला कुठे ठाऊक? दारूनं माणूस मरतो एवढंच सगळे सांगतात. हे कोणी सांगत नाही.

काय? सकाळपासून हात कापताहेत? तुम्हाला आई म्हणून हाक मारली? अहो, मग मघापासून गप्प काय बसलात! — द्या तो स्क्रू ड्रायव्हर, काढतोय मी हे. नाही, लावणार नाही, दुसऱ्या कुणाकडूनही लावून घेऊ नका. काखेत हात घालून मी आणतो त्यांना खाली. घाबरू नका, त्यांनी मारलं तर मारू देत मला. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहू नका, ताई. गाडी बोलवा. जा म्हणतो ना!