नीलवल्लीच्या जंगलात माणूस कुठंय?

ऐका मंडळी! आज प्रश्न साधा आहे. हात तुमचे नाहीत, घाम तुमचा नाही, तुम्ही जागेवरसुद्धा नाही, आणि फळ मात्र तुमच्या ओंजळीत! मग ते फळ तुमचं का? सांगा! ...कुणी बोलत नाही. कसं बोलणार? प्रत्येकाला आपापलं काहीतरी आठवलंय!

तर आख्यान आहे बार्शीचं. शिरीष कासार नावाचे एक गृहस्थ. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मनुष्य हुशार, पण बुड जड! दुकानात गिऱ्हाईक कमी, म्हणून त्यांना खेळाचा नाद लागला. खेळाचं नाव ‘सोनगड’. मागच्या बाजूचे आजोबा, कबड्डी नव्हे हो! इंटरनेटवरचा खेळ. हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच मायावी राज्यात हिंडतात. तिथं जंगल आहे, बाजार आहे. रानडुक्कर मारलं की त्याच्या पोटातून सोन्याची नाणी पडतात! डुकराच्या पोटात नाणी कशी, म्हणता? वा! पुराणात मासा बोलला तेव्हा शंका आली नाही, आता बरी आली!

जंगलात नीलवल्ली नावाचा पाला मिळतो. खेळाडूंनी तो वाकून वाकून तोडायचा, बाजारात विकायचा. लढवय्ये त्याचा काढा करून पितात, जखमा भरतात. असा सगळा संसार!

आता शिरीषरावांना हवी होती ‘वज्रधार’ तलवार. किंमत एक लाख नाणी. डुकरं मारून मारून बोट दुखायला लागलं. मग मनात कली शिरला! त्यांनी बॉट बसवले. बॉट म्हणजे काय? खेळाडूच्या जागी बसवलेला प्रोग्राम. दिसतो माणसासारखा, आत माणूस नाही. झोपत नाही, दमत नाही, चहा मागत नाही. असा जावई आपल्याला का मिळाला नाही, असं वाटणारे आहेत इथं! असे चाळीस बॉट सोडले जंगलात. निम्मे पाला तोडतायत, निम्मे डुकरं मारतायत. आणि शिरीषराव? खुर्चीत. घोरतायत!

बरीचशी नाणी बॉटांच्या भाल्या-बाणांपायी बाजारात जायची, तरी उरलेली साठू लागली. मालक खूश. आणि एका सकाळी ते पोहे खात असताना बायको, वृषालीताई, कढई आपटून म्हणाल्या, “मेल्याचे हात झडोत!”

“कुणाचे गं?”

“कोण आहे कुणाला ठाऊक! आमच्या सोनगडात कुणीतरी बॉट घुसवलेत.”

पोहे घशात! शिरीषरावांना वाटायचं, बायको दुपारी मोबाईलवर रांगोळ्या बघते. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण विचारलं कधी? नाही! तुम्ही तरी कुठं विचारता!

“तू... सोनगड खेळतेस?”

“तीन वर्षं झाली. मधुमालती नाव आहे माझं. आम्ही पंधरा-वीसजणी मिळून नीलवल्ली तोडायचो. कुणी परभणीची, कुणी दापोलीची. हात चालू, तोंड चालू. सासू, गुडघे, लोणचं, सगळं बोलून व्हायचं. जुडीला बारा नाणी मिळायची. ह्या मेल्यानं बाजारात एवढा पाला ओतला, की आता एक नाणं मिळतं! त्यात काय परवडणार? एकेक करून गेल्या सगळ्या.” आणि ताईंनी डोळ्याला पदर लावला.

शिरीषराव काय म्हणाले? म्हणाले, “मीठ जरा कमी आहे.” धन्य आहे!

बॉट बंद केले? छे! लाखाला थोडीच नाणी कमी होती. झाले लाख! छाती काढून गेले सोनगडच्या बाजारात. तलवारवाल्याला म्हणाले, “वज्रधार दे!”

“तीस लाख.”

“तीस? अरे, लाख होती की!”

“मालक, नाण्याला विचारतो कोण आता? बॉटवाल्यानं डुकरं मारून मारून नाण्यांचा पूर आणलाय. ज्याच्या त्याच्या पिशवीत ढीग. मग भाव चढणारच! तो बॉटवाला भेटला तर सांगा, त्याला फुकट देतो. पोटात!”

बघा गंमत! पाल्याचा भाव पाडला ह्यांनीच, तलवारीचा चढवला ह्यांनीच. गरिबाचं बुडालं आणि ह्यांनाही मिळालं नाही! चिडून शिरीषराव जंगलात गेले. बॉट सोडल्यापासून पहिल्यांदाच! बघतात तो काय... मृदंगबुवा, हळू!

हात राबती, पाय चालती, आत कुणी ना राही ।
गाव भरले माणसांनी, माणूस कुठेच नाही ॥

एकाच चेहऱ्याचे पुतळे एकाच झुडपाशी वाकतायत, उठतायत, वाकतायत. आणि त्यांच्यात एक बाई उभी. मधुमालती! आत माणूस नाही हे ठाऊक असूनही ती एका बॉटशी बोलत होती. पडद्यावर अक्षरं उमटत होती: “दादा, कुठले तुम्ही? रोज दिसता. बोलत का नाही? आमच्या सगळ्या गेल्या हो. दोन शब्द बोला की.”

बॉट वाकला. उठला. वाकला.

शिरीषराव मनाशी म्हणाले, घरात चौदा वर्षं आपणही असंच वाकत-उठत आलो! त्यांनी तो बॉट थांबवला, स्वतःच्या हातात घेतला आणि लिहिलं, “वृषाली, मी शिरीष.”

“कोण शिरीष?”

“तुझा नवरा. हे सगळे माझेच आहेत.”

मधुमालती पडद्यावरून नाहीशी झाली! आणि दुकानातला फोन खणखणला!

“दुकान बंद करा. घरी या.”

पुढं घरी काय झालं ते कीर्तनात सांगण्यासारखं नाही! एवढं सांगतो, बॉट बंद झाले. शिरीषरावांनी खेळाच्या मालकांना स्वतः कळवलं. त्यांनी नाणी, खातं, सगळं जप्त केलं. मग नव्या नावानं, हातात फाटकी टोपली घेऊन शिरीषराव जंगलात, आणि मागून मधुमालती, “वाका! देठासकट तोडा!” जुडीचा भाव चढत चढत सातावर आला. बारा काही झाला नाही. मैत्रिणींतल्या चौघी परतल्या. दापोलीच्या काकूंना ताईंनी कितीदा निरोप धाडला, त्या आल्याच नाहीत. बाजार सावरतो मंडळी. उठून गेलेलं माणूस परतेलच असं नाही.

हसलात ना शिरीषला? आता इकडं बघा! पहाटे गुलाबाचं चित्र दोनशे जणांना ढकलता, त्यावरची ओळ न वाचता. आरतीला तोंड हलतंय, डोळे चपलांवर. म्हातारी आई काही सांगतेय, तुम्ही “हं... हं... हं”! कोण बसलंय तुमच्या जागी? कुणी बसवलाय तो बॉट?

आता मी थांबणार, आणि तुम्ही सवयीनं टाळी वाजवणार. थांबा! हात खाली! मुखानं विठ्ठल म्हणा, आणि जो खरोखर इथं हजर असेल, त्यानंच टाळी द्या.

एकच वाजली तरी माझं कीर्तन पावलं!