गुलाबी कड

— नाही, नाही, झाकणाला हात लावू नकोस! अगं, सकाळी सहापासून कोंडलाय तो धूर, एकदा उघडलंस की अर्धा तास मागे गेलो आपण. बस तिथं, त्या पलीकडच्या खुर्चीवर — हिचा एक पाय लंगडा आहे. आणि ते सर-सर बंद कर आधी. बातमीदाराला सर म्हणत नाहीत, शिव्या देतात. सर म्हणायला लागले की समजावं, आपली बातमी आता कोणाला झोंबत नाही. चालू केलंस का तुझं यंत्र? कर, कर, बिनधास्त कर. छत्तीस वर्षं लोकांच्या तोंडून ऐकलं, साहेब, एवढं छापू नका. माझ्या तोंडून ते कोणी एकदाही ऐकलेलं नाही. हे आधी लिहून घे.

तर हे पिंप, मांस धुरावर शिजवायचं. जावयानं पाठवलंय, निवृत्तीनंतर सासऱ्याचं डोकं ठिकाणावर राहावं म्हणून. वर्षभर खोक्यात पडून होतं. पहिल्यांदाच पेटवतोय, खोटं कशाला बोलू — आयुष्यात कधी अंडं उकडलेलं नाही मी. ही म्हणाली, जन्मभर माणसांना धुरी दिलीत, आता मटणाला द्या. आणि सकाळी डोळे चोळत बहिणीकडे निघून गेली. पण काय आहे, परवा तुझा फोन आला ना, वर्धापनदिनाच्या अंकात 'ती' बातमी पुन्हा छापणार म्हणून — म्हटलं, वा! ज्यानं धुरावर मांस शिजवणाऱ्याचं दुकान बंद पाडलं, तोच आज परसात धूर घालून बसलाय आणि नीट शिजवून दाखवतोय. आहे की नाही फोटो? मेंढीचा खांदा आहे, साडेतीन किलो. खाली कोळसे, त्यावर फळझाडाच्या लाकडाचे तुकडे, आणि बाकी काय — वाट बघायची. ज्वाळा नको, घाई नको. सोपं आहे गं. एवढं सोपं काम त्या माणसाला जमू नये, याचाच मला तेव्हा राग आला होता. फोटोला माणूस चारला येणार म्हणालीस ना? तोवर होईल.

बातमी वाचलीच असशील तू. बैठकीत चौकटीत लावलीय, येताना बघितलीस? 'गुलाबी विष'. मथळा माझा. संपादकांना भडक वाटला होता, मी म्हटलं, चाळीस माणसं ओकतायत, मी काय 'किंचित अस्वास्थ्य' लिहू? कारखान्याचं उपाहारगृह होतं ते. दुपारी जेवले, संध्याकाळी एकेक आडवा. मी इस्पितळात गेलो, एका खाटेवर दोन-दोन माणसं — तुम्ही आता टेबलावर बसून फोन लावता, आम्ही ओकारीत पाय देऊन बातमी आणायचो. विचारलं, काय खाल्लंत? भात, भाजी, मांस. मांस कुठलं? धूरवाल्याचं. झालं. मी आणि छायाचित्रकार, तसेच उठून दुकानात. लहान जागा, भिंती काळ्याकुट्ट, पण फरशी — फरशी स्वच्छ होती, ते मात्र खरं. तो गल्ल्यामागे उभा, एप्रन घातलेला. मी म्हटलं, कापून दाखवा. त्यानं कापलं. आणि बघतो तर काय, गुलाबी! कच्चं! हे बघ या डोळ्यांनी बघितलंय मी, कोणाच्या ऐकीव गोष्टीवर लिहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर. दुपारी दुकानावर दगड, आठवड्यात परवाना रद्द. याला म्हणतात बातमी. तुमच्या त्या 'नेटकऱ्यांचा संताप' वगैरेला नाही म्हणत.

काय? — हो, येणारच होतो मी त्यावर. तू काय समजतेस, लपवतोय? तीन महिन्यांनी आरोग्य खात्याचा अहवाल आला. उपाहारगृहाच्या पाण्याच्या टाकीत कबूतर मरून पडलं होतं. बरं मग? छापलं ना आम्ही! सातव्या पानावर, खाली, चार ओळी, मीच लिहिल्या. आता सातवं पान का, हे पान लावणाऱ्याला विचार, तो वारला. पण मुद्दा लक्षात घे. टाकी टाकीच्या जागी, मांस मांसाच्या जागी. समजा पाण्यानं आजारी पडले, तरी तो कच्चं मांस विकत होता की नव्हता? आज नाही तर उद्या कोणीतरी मेलंच असतं. एकतीस वर्षं मला लोक टोचतात, बायकोसुद्धा एकदा बोलली, आणि मी प्रत्येकाला एकच सांगतो — गुलाबी होतं. फोटो आहे. फोटो खोटं बोलत नाही. यावर मी उभा आहे, आणि तुझ्या अंकातही हेच यायला हवं, शब्दाला शब्द.

थांब, काटा बघू दे. चौऱ्याण्णव! अगदी हाडाजवळ खुपसलाय थर्मामीटर. पुस्तिकेत नव्वदच्या पुढे म्हटलंय. ती बघ तिथं पडलीय ती पुस्तिका, चाळ हवी तर, मी चार पानं वाचली आणि ठेवून दिली, पेटवायचं कसं ते कळलं की बास. हां, सरक मागे. डोळे मीट. आहाहा — बघ, बघ रंग! वरची साल कशी काळी कुळकुळीत, हाड हलवलं की सुटतंय. याला म्हणतात शिजलेलं. तो पाट दे इकडे. सुरी. आता कडेचा एक काप काढतो, तू चव घे, आणि मग लिही, की बातमीदार जर एका दिवसात —

हे काय?

नाही, उन्हाकडे धर जरा. हे... हे कच्चं आहे. अगं, नऊ तास! शिजलंच नाही हे! जावयानं काय भंगार पाठवलंय, काटा खोटा आहे, चौऱ्याण्णव म्हणे! बोटानं दाबून बघ — तुटतंय तर लोण्यासारखं... मग गुलाबी कसं? लोण्यासारखं तुटतंय आणि गुलाबी. दुसरीकडून कापतो. इथंही. सालीच्या खाली सगळीकडे, बोटभर. तू का हसतेस? हसत नाहीयेस. मग काय आहे? काय दाखवतेस त्या पुस्तिकेत? चष्मा नाही माझा. बरं, दे. पान अकरा. 'धुरातल्या वायूंमुळे मांसाच्या कडेला गुलाबी पट्टा येतो. हा कच्चेपणा नव्हे. मांस संथ धुरावर नीट शिजल्याची ही खूण...' —

पाणी दे जरा.

हे कोणी लिहिलंय? पिंप विकणाऱ्यांनी. ते लिहिणारच. असं कसं... कच्चं मांस मधे गुलाबी असतं, कडेला शिजलेलं, हे पोरंटोरं सांगतील. आच बाहेरून आत जाते. म्हणजे कडेला गुलाबी आणि मधे तपकिरी असेल, तर ते कच्चं असूच शकत नाही, हे साधं आहे, हे कोणाच्याही — तर तेव्हाच्या फोटोत... तेव्हाच्या फोटोत मधलं नव्हतं ना. कडच होती. म्हणजे फोटो अख्खाच काढला होता, चांगला पाटासकट, पण दोन कॉलमांत बसेना. कापायला लागतो फोटो, रोजचं काम आहे, यात काय एवढं. मीच पेन्सिलीनं रेघ मारून दिली. कडेचा भाग ठेवला. मधला — मधला तपकिरी होता. छायाचित्रकार म्हणाला, अहो, मधे तर शिजलेलं दिसतंय. मी म्हटलं, वाचकाचा गोंधळ होईल. एवढंच म्हटलं. साडेदहाला पान जायचं होतं. गोंधळ होईल, काप. तू सांग, तू काय केलं असतंस? चाळीस माणसं ओकतायत आणि तुझ्या हातात —

नाही, मला ठाऊक नव्हतं. धुराचं ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायला हवं होतं, हे मान्य, पण कोणाला विचारणार? तसा तो धूरवाला आला होता म्हणा. चौथ्या दिवशी. कचेरीत, स्वतः. काखेत लाकडी पाट, कापडात गुंडाळलेला अख्खा खांदा, आणि खिशात थर्मामीटर. मी जिन्यावर होतो, वरून दिसत होता. शिपायाला म्हणत होता, साहेबांना फक्त एवढं सांगा, मधून कापा. माझ्यासमोर मधून कापा, मग काय हवं ते लिहा. ओरडत नव्हता हं. ओरडला असता तर मी उतरलो असतो, भांडणाला मी कधी भ्यालो नाही. मी वरूनच शिपायाला खूण केली — सांग, साहेब बाहेर गेलेत. दोन तास बसला बाकावर. मग मांस तिथंच ठेवून गेला. शिपायानं दोन दिवस खाल्लं ते, डब्यात भरून घरीसुद्धा नेलं, आणि मला येऊन सांगतो, साहेब, काय चव आहे! ठणठणीत. सात मुलांचा बाप. तेव्हा — तेव्हा एकदा वाटलं होतं. अख्खा फोटो मागून घेतला मी छायाचित्रकाराकडून. आहे तो, खालच्या खणात, विम्याच्या कागदांखाली. पिवळा पडलाय. फेकला नाही. फेकला का नाही, ते मला विचारू नकोस.

आणि ते बंद कर आता. ऐकू येत नाही का? बंद कर ते यंत्र! हे काही अंकासाठी नाही. अगं, तुझ्या संपादकाला मी मथळा द्यायला शिकवलंय, माझ्यापुढे पेन उचलायची छाती नव्हती त्याची! वर्धापनदिनाचा अंक आहे, लोकांना आनंदानं वाचू दे. या वयात, तीन ओळी आल्या तर — नातवंडं आहेत मला. पाहिजे तर तेवढं... एवढं छापू नकोस.

बेल कसली? चार वाजले? बघ, तुझा छायाचित्रकार आला असेल. त्याला सांग, आज नाही, प्रकाश नाही, काहीही सांग. — मान का हलवतेस? फोटोला माणूस येणार म्हणालीस... छायाचित्रकार नाही? मग कोण? ... धूरवाला? आमचा दोघांचा एकत्र फोटो, तू काढणार? तू बोलावलंस त्याला? इथं, माझ्या घरी, मला न विचारता — जिवंत आहे तो? किती वर्षांचा असेल... ऐंशीच्या पुढे. एकटाच आलाय? चालत?

हे बघ, तू जा. तू तरुण आहेस, गोड बोलता येतं तुला. दार अर्धवट उघड आणि सांग, साहेब बाहेर गेलेत. कुठंही म्हण. बहिणीकडे. परत यायला उशीर होईल म्हण.

काय? — धूर? कुठून दिसतोय? रस्त्यावरून?

हो. दहा तास घातलेला धूर काय लपतोय... त्याला तर कोपऱ्यावरूनच कळलं असेल, लाकूड कसलं तेसुद्धा. जा, उघड दार. ही बरी खुर्ची त्याला दे, लंगडी मी घेतो. मधला भाग मी अजून कापलेला नाही, बघतेयस ना? हात लावलेला नाही. सुरी त्याच्या हातात दे. आणि मी — मी पाट धरतो. जा, उभी काय राहिलीस!