टाकीचं जातं

...आणि म्हणे जातं घेताना टाकी बघून घ्या, दगडावर छिन्नीनं पाडलेली खरखर बघून घ्या! सगळ्या जव्हारनं मला हेच सांगितलं, तुम्हाला सांगतो. अहो, मला जातं दळायला हवं होतं का? बोटांसाठी हवं होतं! दरबारच्या कोठीवर शिपायाची जागा निघालेली, आणि मी उत्तम, तीन वर्षं कचेरीत फुकट नकला उतरवणारा उमेदवार, सासरे येता-जाता विचारतात, "जावईबापू, पगार कधी?"... म्हटलं, ही जागा सोडायची नाही. परीक्षा काय? कोठीतल्या रांजणांवर दगडी झाकणं, त्यांना ना कडी ना दांडा. दोन हातांत दोन, नुसत्या चिमटीत धरून विहिरीपर्यंत न्यायची.

म्हटलं, लहानसं जातं घ्यावं, दोन तळ्या, म्हणजे दोन गोल दगड, दोन हातांना दोन. पाथरवटाकडे एक जुनं, झिजून गुळगुळीत झालेलं होतं, त्याला हात लावतोय तर आमची कुसुमावती अंगावरच आली, "अहो, टाकी बघून घ्या, त्याच्यावर काय माझं कपाळ दळू?" शेजारच्या शांतावहिनी, त्यांना कुणी विचारलं होतं? त्याही, "टाकी बघून घ्या हो भावजी." घेतलं! नव्या टाकीचं, खरखरीत, बोट टेकलं की सुटायचं नाव नाही. महिनाभर अंगणात फेऱ्या मारल्या, आणि फेऱ्या संपल्या की त्याच तळ्या मांडून ही नागली दळायची.

परीक्षेला झाकण धरलं... वापरून गुळगुळीत, लोणी हो, लोणी! तिसऱ्या पावलाला उजवं निसटलं, चौथ्याला डावं, तेही कारभाऱ्यांच्या जोड्यावर. आणि माझ्या मागून साखरशेतचा पोश्या, दोन्ही विहिरीपर्यंत नेऊन परत आणली, वर विचारतो कसा, "ठेवू कुठं?" कारभारी म्हणाले, तालीम कुठे केलीस? "तालीम नाय जी. आमचे पाड्यावर टाकी लावाया कोणी येतच नाय. जाता पार गुळगुळीत. घरवाली लाडकी दळते, मी रोज तळी उचलून पीठ काढतो." ऐकलंत? माझी नोकरी टाकीनं खाल्ली!

काल तोच पोश्या दारात, अंगात दरबारचा डगला. "दादा, पयला पगार झाला. घरवालीला नवा जाता हवाय. म्हणते, टाकी बघून घ्या. तुमचेकडं नव्या टाकीचा हाय म्हणतात."

म्हटलं, ने. फुकट ने, पण डोळ्यांसमोरून ने. कुसुमावती "अहो, अहो" करेपर्यंत त्यानं दोन चिमटीत दोन तळ्या धरल्या आणि निघाला. हात गुंतलेले, म्हणून दार मी धरलं. तेवढं जमलं मला. दाराला कडी आहे ना.