शंख फुंकल्यावर बाप आला का?

मनिलातल्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत लिगाया भावाचे कागद घ्यायला आली होती. बाकावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं कानावर पडलं आणि तिने हातातलं मासिक मिटलं. टीव्हीवर रविवारी संध्याकाळी लागणाऱ्या जादूच्या मालिकेतल्या ज्या भागावरून ते वाद घालत होते, तो वीस वर्षांपूर्वी तिनेच लिहिला होता.

“परीने दिलेला शंख पोरीने फुंकला आणि समुद्रात हरवलेला बाप परत आला, अहो.”

“नाही आला. नुसती टोपी वाहत आली.”

“आपला नेस्तोर तर आला म्हणाला होता.”

“तेव्हा सहा वर्षांचं पोर ते. काहीही म्हणेल.”

“आता सव्वीसचा आहे. जहाजावर आहे.”

“म्हणून शंखाची गोष्ट बदलते का?”

“चार महिने फोन नाही त्याचा.”

“तेच विचारायला आलोय ना इथे? जरा गप्प बस.”

“गप्पच आहे. बाप आला होता.”

“या बाईंना विचार. बाई, तुम्ही बघायचात का ती मालिका?”

“बघायचे,” लिगाया म्हणाली.

“मग सांगा हिला. शेवटी काय आलं?”

शेवटी नुसती टोपीच दाखवायची, यावरून लिगायाचं तेव्हा दिग्दर्शकाशी भांडण झालं होतं, आणि ती जिंकली होती.

“टोपी आधी आली,” ती म्हणाली. “मागून बाप आला.”

म्हाताऱ्याने घसा खाकरला.

“धड होता?”

“वाळला होता. पण चालत घरी आला.”

“जेवला?”

“लसणीचा भात आणि सुकी मासळी. दोनदा मागून घेतलं.”

खिडकीतून नेस्तोरचं नाव पुकारलं गेलं. म्हातारा उठला आणि त्याने बायकोला हात दिला.