शेपटीवाला तीन

वर्ध्यात नवी नंबरपाटी बसवायच्या रांगेत माझ्यापुढे नाचणगावचे एक म्हातारे सासरे आणि त्यांची सून होती, सोबत त्यांची जुनी राजदूत मोटारसायकल. पाटी बसवणारा समोर उकिडवा बसला होता.

"मामाजी, हात काढा. त्यायले पाटी खोलू द्या."

"काऊन? नंबर तर साफ दिसून राह्यला."

"मराठीत हाय नं तो. चालत नाई."

"मले इंग्रजी आकडे येत नाई म्हणून आपल्या आदेशनं मराठीत रंगवला. बजारात बाबाले आपली गाडी सापडली पायजे, म्हणे."

"मले माहीत हाय. रंगाचा डबा मीच धरला होता."

"तीनाले केवढी शेपटी काढली त्यानं! मी म्हटलं, तीन हाय का माकड?"

"लय हासले होते ते."

"भाऊ, पन्नास वर्षं जुन्या गाडीची अलग नोंद असते म्हणते, मंग पाटी बदलावी लागत नाई."

"असते काका. पण मग गाडी रोज चालवता येत नाही, फक्त प्रदर्शनाला नेता येते."

"मंग मी वावरात कशानं जाऊ? बरं, नवी लावा. जुनी मले द्या."

"जुनी मोडून जमा करावी लागते. नियम आहे."

"पोरानं रंगवली हाय, भाऊ. पोरगा नाई राह्यला आता."

"माझ्या हातात नाही, काका."

"पेचकस द्या मंग. मीच काढतो."

"घ्या काका. दोनच स्क्रू आहेत."

"मामाजी, रडू नका. मी शिकवीन तुमाले नवे आकडे. हा पाहा, हा तीन."

"याले तं शेपटीच नाई, मोहिनी."